इनायतला भेटायला गेलेली जीप

आमच्या हिवरखेडात आजार दोनच प्रकारचे. ज्याला भेटायला लोक जातात तो एक, आणि ज्याला जात नाहीत तो दुसरा. डॉक्टर लोकांची यादी फार मोठी असते, पण गावाला तिची गरज पडत नाही.

पहिल्या प्रकारात माणूस अकोल्याला नाहीतर अमरावतीला भरती झालेला असावा लागतो. मग गावात जीप ठरते. आठ जणांच्या जीपमध्ये बारा बसतात, वाटेत केळी आणि बिस्किटांचे पुडे घेतले जातात, आणि खाटेभोवती उभं राहून प्रत्येकजण "कसं काय झालं?" असं एकदा तरी विचारतो. आजारी माणसानं प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. ज्याच्याकडे जास्त जीपा गेल्या त्याचा आजार मोठा. जीपमध्ये जागा मिळाली नाही म्हणून सहा महिने अबोला धरलेली माणसं मला ठाऊक आहेत, आणि ते माझेच विद्यार्थी होते.

हे आधी सांगून ठेवलं, कारण माझ्या दोन मित्रांना एकच आजार झाला आणि गावानं एकाला पहिल्या प्रकारात घातलं, दुसऱ्याला दुसऱ्या.

इनायतुल्ला गादीवाला. त्याचा बाप कापूस पिंजायचा, आजा पिंजायचा, आणि हाही पन्नास वर्षं पिंजतो आहे. त्याच्या भुवयांवर कायम कापसाचे तंतू असायचे, त्यामुळे तो तिशीतच म्हातारा दिसायचा आणि आता सत्तरीत तसाच दिसतो. त्याला खोकला होता. पण गादीवाल्याला खोकला असायचाच, असं तोही समजायचा आणि आम्हीही.

गेल्या नोव्हेंबरात तो गावातल्या सरकारी दवाखान्यात बायकोच्या, म्हणजे जहाँआराभाभींच्या, बीपीच्या गोळ्या आणायला रांगेत उभा होता. तिथल्या पंचफुला सिस्टरनं त्याचा खोकला ऐकला आणि रांगेतून बाहेर बोलावलं.

"काका, जिना चढताना दम लागते काय?"

"माह्या घराले जिनाच नाई."

"वावरापर्यंत चालत जाता?"

"मी गादीवाला. मले वावरच नाई."

सिस्टर हसली नाही. तिनं त्याला बसवलं, नाकाला चिमटा लावला आणि एका नळीत फुंकायला लावलं. "फुंका, फुंका, फुंका, सोडू नका!" असं तिचं ओरडणं बाहेरच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. तीनदा फुंकून झाल्यावर डॉक्टरांनी कागद पाहिला आणि सांगितलं, सीओपीडी. म्हणजे श्वासाच्या नळ्या आकसतात. हवा आत जाते, पण बाहेर निघायला खळखळ करते. पूर्ण बरं होत नाही, पण लवकर सापडलं आहे, आटोक्यात राहील. मग सिस्टरनं एक छोटं प्लॅस्टिकचं मशीन दिलं. त्यात कॅप्सूल घालायची, फिरवून फोडायची आणि आतली पावडर श्वासानं ओढायची. तिनं नुसतं सांगितलं नाही, त्याच्याकडून चार वेळा करून घेतलं. पिंजताना तोंडाला फडकं बांधा, बिडी सोडा, असंही सांगितलं. इनायत येताना मेथीची जुडी घेऊन घरी आला.

भाभींनी बातमी ऐकली, घर सारवल्यासारखं स्वच्छ केलं, शेजारून दोन खुर्च्या आणल्या आणि वाट पाहिली. कोणीच आलं नाही. चौथ्या दिवशी एकजण आला. त्यानं विचारलं, "आमची रजई झाली काय?"

आता वामनराव. काळ्या मातीची नऊ एकर, दोन विहिरी, गावात शब्दाला मान. चाळीस वर्षं बिडी आणि तितकीच वर्षं मळणीची धूळ. जानेवारीत तुरीच्या मळणीवर उभे असताना त्यांचा श्वास असा अडकला की ओठ निळे झाले. एकशे आठची गाडी सायरन वाजवत खळ्यापर्यंत आली. अकोल्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑक्सिजन, सुया, पाच दिवस. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, सीओपीडी, आणि तोही दहा वर्षं तरी जुना.

तेच नाव. तोच आजार. पण हिवरखेडाहून नऊ जीपा गेल्या.

घरी सोडण्याच्या दिवशी तिथली सिस्टर मशीन कसं वापरायचं ते दाखवायला आली, तेव्हा खोलीत गावचे अठराजण होते. वामनराव सातव्यांदा पहिल्यापासून सांगत होते. सिस्टर म्हणाली, "बाबा, लक्ष देऊन बघा हं." वामनराव म्हणाले, "हो हो, समजलं." त्या अठरांत मीही होतो. मी केळं सोलत होतो.

तेव्हापासून माझ्या ओट्यावर रोज एक वाद. संध्याकाळी ओट्यावर मुलं पाढे म्हणायला येतात, ती गेली की हे दोघे येतात. चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळल्यामुळे मला दोघांनाही सांभाळता येतं.

"तुहा आजार गावठी हाय," वामनराव म्हणायचे. "रांगेत उभं राहून सापडला. माहा अकोल्याचा हाय."

"नाव तं एकच हाय ना बे?"

"नाव एकच असते. बैल बी बैल अन् गोऱ्हा बी बैलच."

पण झालं असं की मार्चपर्यंत इनायत सायकल मारत शेजारच्या अडगावापर्यंत जाऊन येऊ लागला, आणि वामनराव माझ्या ओट्याच्या तीन पायऱ्या दोनदा थांबून चढू लागले. एप्रिलमध्ये त्यांना पुन्हा भरती करावं लागलं. या वेळी त्यांचा मुलगा गोपाल त्यांना अमरावतीला घेऊन गेला. गोपालची राजापेठेत शिकवणी आहे. खाली वर्ग, वर दुसऱ्या मजल्यावर घर. अमरावतीच्या डॉक्टरांनी विचारलं, "औषध नियमित घेता?" वामनराव छाती पुढे काढून म्हणाले, "एक खाडा नाई." डॉक्टरांना कोडं पडलं. मग त्यांना वऱ्हांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं. दोनशे चाळीस मीटर झाले. सुधारणा झाली नाही तर घरी सतत ऑक्सिजनचं मशीन ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

गोपाल शांत माणूस आहे, पण गणित शिकवतो. त्यानं उत्तर काढलं. "बाबा, जूनच्या शेवटी पुन्हा तपासणी. असंच राहिलं तर तुम्ही आणि आई इकडे. वावर मक्त्यानं देऊन टाकू."

वामनरावांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मास्तर, तिथल्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. सकाळी उठून मी रामराम कोणाले घालू? ट्यूशनच्या पोरांच्या स्कुट्यांले?"

मे महिन्यात एका संध्याकाळी इनायत त्यांच्याकडे कॅप्सूल मागायला गेला. मी सोबत होतो. दवाखान्यातल्या संपल्या होत्या, दोन दिवसांनी येणार होत्या. वामनरावांच्या बायकोनं, सुभद्रावहिनींनी, कॅप्सूलचा डबा आणून ठेवला.

"घे ना," वामनराव म्हणाले. "पण अकोल्याच्या हायेत. तुले झेपतीन काय?"

"रंग तं तोच हाय."

"रंगावर जाऊ नको." असं म्हणून त्यांनी स्वतःची एक कॅप्सूल काढली, जिभेवर ठेवली आणि तांब्यातल्या पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकली.

इनायत बघतच राहिला. "हे काय केलं?"

"औषध घेतलं."

"गिळलं?"

"मंग काय कानात घालू?"

"अरे, मशीन कुठं हाय तुहं?"

"हाये ना, शोकेसमधी. सुभद्रा, दाखव याले."

वहिनींनी शोकेस उघडली. गोपालच्या लग्नातला चांदीचा गणपती, दोन बाहुल्या आणि त्यांच्या मधोमध, खोक्यात, वरच्या प्लॅस्टिकसकट, मशीन.

"तुले काय वाटलं हे काय हाय?"

"मले वाटलं, दवाखान्याकडून भेट हाय," वामनराव म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात देत असतीन. लग्नात नाई का देत, डबा-गिबा."

इनायत इतका हसला की त्याला खोकला आला आणि वहिनींना पाणी आणावं लागलं. मला हसू आलं नाही. जानेवारी ते मे, दिवसाला दोन. फुफ्फुसाकडे निघालेलं औषध दर सकाळ-संध्याकाळ पोटात उतरत होतं आणि पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखं तिथूनच परत जात होतं. चूक कोणाची म्हणाल तर माझीही. "समजलं का?" असं विचारलं की मूल "हो" म्हणतं, पहिलीतलं असो की सत्तरीतलं. त्याला करून दाखवायला सांगावं लागतं. एवढं मला चौतीस वर्षं माहीत होतं, आणि त्या दिवशी मी केळं सोलत होतो.

वामनरावांचा चेहरा उतरला. मग त्यांना मुख्य गोष्ट सुचली. "इनायत, गावात सांगशीन तं पाह्य! अकोल्याहून आलेला माणूस औषध गिळत होता म्हणतीन. अन् गोपालले कळलं तं उद्याच गाडी घेऊन येते. म्हणन, याईच्यानं तिकडं राहानं होत नाई."

"नाई सांगत," इनायत म्हणाला. "शिकवतो बी. पण माही एक अट हाय."

"बोल."

"मले भेटाले ये."

"रोज तं भेटतो मास्तरच्या ओट्यावर."

"तसं नाई. आजारी माणसाले भेटतेत तसं. जीप करून. तुह्याकडं अकोल्याले मी अन् जहाँआरा दोन डाव आलो. तिच्या मनाले लागलं हाय. म्हणते, आपला आजार काय आजार नाई?"

"अरे, तीन गल्ल्या सोडून घर हाय तुहं!"

"अकोलं दूर हाय म्हणून जीप करतेत काय लोक? मान असते तो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वामनरावांनी जीपवाल्या प्रीतमला बोलावलं.

"कुठं जायचं, काका?"

"इनायतकडे."

"भरती हायेत? अकोल्याले?"

"घरी हाय."

प्रीतमनं मान वळवून पाहिलं. "घर तं इथूनच दिसून राहिलं."

"तू चालव."

तिसरी गल्ली अरुंद, जीप शिरेना. म्हणून बसस्टँडला वळसा घालून मागच्या रस्त्यानं जायचं ठरलं. तिथंच घोटाळा झाला. वामनराव, वहिनी, मी आणि मांडीवर केळीचा घड, असं दृश्य बसस्टँडवर दिसलं की गाव शांत बसत नाही.

"कोण भरती झालं?"

"इनायत," वामनराव म्हणाले, आणि पुढचं सांगायच्या आत तिघं चढले. पानठेल्यापाशी आणखी पाच. किसनराव तर दाढीला साबण लावलेलाच सलूनमधून धावत आला. "काल तं त्यानं माही गादी भरून देली! चांगला होता!"

"चांगलाच हाय," मी म्हणालो.

"असं म्हणावंच लागते, मास्तर," किसनराव डोळे पुसत म्हणाला. साबण डोळ्यांत गेला होता.

इनायतच्या घरी पोहोचलो तेव्हा आम्ही तेरा होतो. भाभींनी पूर्ण तयारी केली होती. खुर्च्या मांडल्या होत्या, सरबत झाकून ठेवलं होतं, आणि इनायतला खाटेवर निजवून त्याच्यावर कोरी, गुलाबी, चार किलो कापसाची रजई घातली होती. मे महिना, पारा चव्वेचाळीसवर. इनायत घामानं निथळत होता. त्या अवस्थेत तो खरोखरच भरती करण्यासारखा दिसत होता.

"कसं काय झालं, भाभी?" वामनरावांनी विचारलं. मान्य करायला हवं, त्यांनी ते मनापासून विचारलं.

सहा महिने हा प्रश्न ऐकायला थांबलेल्या भाभींनी पदर सावरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "माह्या बीपीच्या गोळ्या आणाले गेल्ते हे. मंगळवार होता. मी बोलली, मेथी लेते आना..." मेथीपासून नळीपर्यंत यायला पंधरा मिनिटं लागली. लोक मन लावून ऐकत होते. पण गोष्ट संपली तेव्हा जरा निराशा पसरली.

"म्हणजे चालत गेले अन् चालत आले?" किसनरावानं विचारलं.

"हो."

"ऑक्सिजन?"

"नाई लागला, अल्ला का शुक्र."

"बेशुद्ध तरी?"

"नाई ना भाऊ." भाभींना अपराधी वाटू लागलं. "खोकला मात्र खूप होता."

तेवढ्यात दारातून पंचफुला सिस्टर धापा टाकत आत आली, खांद्याला पिशवी, हातात बीपीचं यंत्र. जीप पाहून तिला कोणीतरी सांगितलं होतं की गादीवाले काका अखेरचे आहेत. तिनं रजई ओढून काढली, नाडी पाहिली, छाती ऐकली.

"काका, तुमाले काय होऊन राहिलं?"

"गरमी," इनायत म्हणाला.

सगळा प्रकार समजल्यावर ती रागावेल असं मला वाटलं. पण तिनं खोलीभर नजर फिरवली. तेरा माणसं, त्यातली सहा-सात बिडीवाली, चार खोकणारी. दवाखान्यात बोलावून महिनाभरात एवढी येत नाहीत. तिनं खुर्ची ओढली.

"आलेच आहा तं पाहून घ्या. काका, काढा मशीन."

इनायतनं मशीन काढलं. कॅप्सूल घातली, फिरवली, तोंड बाजूला वळवून श्वास पूर्ण सोडला, मग ओठ घट्ट मिटून असा ओढला की आत कॅप्सूल घरघरली. दहापर्यंत श्वास धरला, चूळ भरली.

"शाबास. आता वामनकाका, तुमी दाखवा. तुमचं तं अकोल्याचं हाय."

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं. हा चेहरा मी हजारदा पाहिला आहे. पाढा पाठ नसलेल्या मुलाचा. सिस्टरनं पिशवीतलं नवं मशीन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कॅप्सूल घातली, फिरवली, आणि सगळी ताकद लावून फुंकर मारली. पांढरी पावडर उडाली ती थेट गुलाबी रजईवर आणि थोडी किसनरावाच्या साबणावर.

कोणीतरी फिदीफिदी हसलं.

"पुन्हा," सिस्टर शांतपणे म्हणाली. "अकोल्याले कसं शिकवलं होतं?"

वामनराव उभे होते. बाहेर जीप होती. ते म्हणू शकले असते, की अकोल्याचं मशीन वेगळं असतं. अर्ध्या गावानं विश्वास ठेवला असता, उरलेल्या अर्ध्यानं पुढे सांगितलं असतं.

"शिकवलं होतं," ते शेवटी म्हणाले. "मी पाहिलं नाई. लोकाईसंग बोलून राहिलो होतो. पाच महिने गिळत होतो कॅप्सूल."

आता हसण्याचा स्फोट होईल म्हणून मी मान खाली घातली. पण कोपऱ्यातून एक म्हातारा आवाज आला. "मंग? गिळाची नसते?"

दुसरा म्हणाला, "माही माय चहात टाकते."

तिसरा हळूच उठून घरी गेला आणि आपलं मशीन घेऊन आला. तेही प्लॅस्टिकमध्येच होतं.

त्या संध्याकाळी दिवे लागेपर्यंत सिस्टरनं वर्ग घेतला. असा वर्ग मी जन्मात पाहिला नव्हता. पाच म्हातारे ओळीनं बसून श्वास धरत होते आणि बाकीचे एकसुरात दहापर्यंत मोजत होते. वामनरावांना पाचव्या वेळी जमलं. कॅप्सूल घरघरली तेव्हा ते इतके खूश झाले की श्वास धरायचा सोडून "वाजलं!" असं ओरडले, आणि सिस्टर म्हणाली, "पुन्हा." भाभींनी दरम्यान दोन नव्या पाहुण्यांना मेथीपासून सुरुवात करून दिली होती.

त्यानंतर सहा आठवडे वामनरावांनी औषध ओढलं. बिडी सोडली, म्हणजे पहिल्या आठवड्यात चारदा सोडली, मग कायमची. दर मंगळवारी ते सिस्टरसमोर बसून करून दाखवत. ओट्याच्या तीन पायऱ्या आधी एकदा थांबून आणि मग न थांबता चढू लागले. पण डॉक्टर काय म्हणतील ते कोणाला ठाऊक? पेरणी तोंडावर आली होती. ती आपण करायची की मक्तेदारानं, हे अमरावतीच्या वऱ्हांड्यात ठरणार होतं. त्यांनी बियाणं आणून ठेवलं होतं, पोतं मात्र उघडलं नव्हतं.

जूनच्या शेवटी गोपाल गाडी घेऊन आला. वहिनी, मी आणि इनायत सोबत गेलो. वहिनींनी मोठी बॅग घेतली होती. निकाल काहीही लागो, कपडे लागतातच, असं त्या म्हणाल्या. त्यांना राजापेठेत घरी उतरवून आम्ही दवाखान्यात गेलो.

तिथं चालायची परीक्षा घेणारी मुलगी होती, खुशी नावाची. वऱ्हांड्यात तीस मीटरवर दोन खुणा, त्यांच्यामध्ये सहा मिनिटं येरझारा. तिनं एप्रिलचा कागद पाहिला.

"काका, मागच्या वेळी तुम्ही दोनदा बाकावर बसला होता."

"दमलो होतो."

"आणि तीनदा लोकांशी बोलत उभे राहिला होता."

"ते अंजनगावचे होते," वामनराव म्हणाले, जणू यापुढे काही सांगायची गरज नाही.

"या वेळी बोलायचं नाही. कोणाशीच नाही. बोललात की दम जातो आणि वेळही जातो."

आता हे समजून घ्या. वऱ्हाडात बाकावर बसलेल्या माणसाला "कोणत्या गावचे?" असं न विचारता त्याच्यासमोरून जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. वामनराव सत्तर वर्षं असं कोणाच्याही समोरून गेले नव्हते. आणि त्या वऱ्हांड्यात दोन्ही बाजूंना बाकंच बाकं, सगळी भरलेली.

ते चालू लागले. पहिली फेरी, नजर समोर. दुसरी फेरी. एका म्हाताऱ्यानं "कुठचे पावने?" विचारलं, वामनरावांची मान वळली, पण पाय थांबले नाहीत. गोपाल घड्याळ पाहत होता. इनायत ओठांवर बोट ठेवून त्यांच्या बरोबरीनं भिंतीच्या कडेनं सरकत होता.

पाचव्या फेरीला समोरच्या दारातून भगवंतराव आत आले. परतवाड्याचे भगवंतराव, म्हणजे गोपालचे सासरे, तपासणीचं कळून भेटायला आलेले. व्याही! बाकावरचा परका वेगळा आणि व्याही वेगळा. व्याह्यापुढे मान झुकवताना जरा उशीर झाला तरी दोन पिढ्या ऐकावं लागतं.

"रामराम, व्याही!" भगवंतरावांनी दोन्ही हात पसरले.

वामनरावांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी सांगू शकत नाही. त्यांनी चालता चालता हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि पसरलेल्या हातांच्या बाजूनं पुढे गेले.

भगवंतराव तसेच उभे राहिले. मग त्यांच्या मागे निघाले. "व्याही? अहो व्याही! आमचं काही चुकलं काय? मागच्या लग्नात आहेर कमी पडला, त्याच्यावरून हाय काय हे?"

वामनराव चालतच राहिले. त्यांना घाम फुटला होता.

"बोलत काहून नाई? गोपालराव, हे काय चालून राहिलं?"

गोपालनं सासऱ्यांना दंडाला धरून बाजूला नेलं. तोवर व्याही स्वतःच खोकत होते. चार पावलं धावून त्यांना दम लागला होता. शेवटच्या मिनिटात वामनरावांचा वेग कमी झाला, हात भिंतीकडे गेला, पण त्यांनी भिंत धरली नाही. खुशीनं "थांबा" म्हटलं तेव्हा ते जागच्या जागी थांबले.

तीनशे तीस मीटर.

श्वास जागेवर येताच ते आधी भगवंतरावांच्या पाया पडायला गेले. व्याह्यानं पाय मागे घेतले. समजूत घालायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात व्याह्यांचा खोकला ऐकून इनायतनं त्यांना विचारून टाकलं, "जिना चढताना दम लागते काय?"

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, मशीन कसं वापरता ते करून दाखवायला सांगितलं आणि मान हलवली. "फुफ्फुसं नवी झालेली नाहीत, होणारही नाहीत. पण आहेत ती नीट चालली आहेत. ऑक्सिजनचं मशीन आता नको. हिवरखेडलाच राहा, तिथली सिस्टर तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त वेळा लक्ष देते. धुळीत उभं राहायचं नाही. आणि दम वाढला की त्याच दिवशी तिच्याकडे जायचं, गाडी बोलवायची वेळ आणायची नाही."

गोपालनं वडिलांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. गणित शिकवणारा माणूस आकड्याशी भांडत नाही. "ठीक आहे बाबा. पेरणी करा. थ्रेशरवर मात्र दुसरा माणूस."

सगळं मनासारखं झालं होतं. पण वामनरावांना राहवलं नाही.

"डॉक्टरसाहेब, एक सांगा. याचा अन् माहा आजार एकच हाय. पण माहा मोठा हाय ना?"

डॉक्टरांनी इनायतनं सोबत आणलेला कागदही पाहिला. "हो. तुमचा बराच मोठा आहे."

वामनराव इनायतकडे वळले.

"उशिरा सापडला ना," डॉक्टर पुढे म्हणाले. "यांचा चालत असताना सापडला, तुमचा पडल्यावर. तेवढ्या दहा वर्षांत मोठा झाला."

वामनराव पुन्हा सरळ बसले. इनायतनं नुसता आपला कागद घडी घालून खिशात ठेवला. त्याच्या जागी मी असतो तर बोललो असतो.

राजापेठेत दुसरा मजला चढताना ते एकदाच थांबले. सुभद्रावहिनींनी दार उघडलं. वामनरावांनी दारातच बातमी दिली. "चाल, सामान भर. आपल्याले इथं राहा लागत नाई!"

वहिनींच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. आतल्या खोलीतलं कपाट उघडं होतं आणि त्यातले दोन खण त्यांच्या लुगड्यांनी भरले होते, घड्या घालून, रंगाप्रमाणे.

"म्हणजे जायचं?"

"मंग? डॉक्टर बोलला."

"डॉक्टर तुमच्या फुफ्फुसाबद्दल बोलला," वहिनी म्हणाल्या. "इथं नळाले दोन टाइम पाणी येते. समोरच्या बायाईनं मले भिशीत घेतलं. पन्नास वर्षं मी त्या चुलीत फुंकर मारली, मले कोणी विचारलं नाई का दम लागते काय म्हणून. तुमी जा, पेरणी करा. मले इथं महिनाभर राहाचं हाय."

वामनरावांनी गोपालकडे पाहिलं. गोपाल कपाटाचे खण मोजत होता. मी वहिनींकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाही त्या नळीत फुंकायला न्यायचं गोपालकडून कबूल करून घेतलं.

आम्ही तिघं एसटीनं परत निघालो. दर्यापूर मागे पडलं. अकोट दिसू लागलं तेव्हा वामनरावांनी विचारलं, "मास्तर, तुमाले भाकर थापता येते काय?"

"नाही."

"इनायत?"

"पोळी येते. गोल नाई येत."

वामनरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. काळी जमीन नांगरून तयार पडली होती.

"गोल कायले पाह्यजे," ते म्हणाले.